विषयाचं कापलेलं शेपूट

सुरुवातीलाच सांगते – मी या गोष्टी मानत नाही. अजूनही नाही. या पानावर मी येते ते जेवताना काहीतरी वाचायला हवं असतं म्हणून. तुमच्यापैकी कोणी अमावास्येला पिंपळाखाली पांढरी साडी पाहिली, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो – चष्म्याचा नंबर काय होता? हे मी कधी कमेंटमध्ये लिहिलं नाही, कारण मी कमेंट लिहीतच नाही. प्रत्यक्षात बोलायलाही मला वेळ लागतो. फोनवर तर त्याहून जास्त.

माझ्या अनुभवात रात्र नाही, पिंपळ नाही, कोणी वारलेलंही नाही. एक ई-मेल आहे आणि संत्री आहेत. कंटाळा आला तर पुढच्या अनुभवावर जा, मला राग येणार नाही.

मी पांढुर्ण्याची. शाळा इंग्लिश मीडियम, त्यामुळे मराठी वाचते भराभर पण लिहिताना अडखळते. (हे आईकडून तपासून घेतलं आहे. ती दोन ठिकाणी हसली, कुठे ते सांगत नाही.) कॉम्प्युटरचं शिक्षण नागपुरात, होस्टेलला राहून. एका खोलीत चौघी, आणि चौघींपैकी तिघींना सतत बोलायला आवडायचं. ते संपलं तेव्हा मी ठरवलं की आता आपली खोली, आपलं टेबल, आपली खिडकी. नागपूरच्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने घरून काम करायची तयारी दाखवली. आमचे बॉस निखिल सर. ते कधी आवाज चढवत नाहीत, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटते. त्यांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं – सौंसरच्या एका संत्रा उत्पादक मंडळासाठी मेल पाठवायचं सॉफ्टवेअर. ते नीट चाललं तर मी कायम, आणि पांढुर्ण्यातूनच. आणि नाही चाललं तर? "तर मग थांबू आपण," सर म्हणाले. एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, संत्र्यांच्या व्यवहारात ई-मेल कशाला, व्हॉट्सअॅप आहे की. होतं. आदल्या वर्षी लिलावाच्या तारखेवरून भांडण झालं. मेसेज कोणी डिलीट केला, कोणाला आधी फोन गेला, कोणाला मुद्दाम उशिरा कळवलं, असं बरंच काही. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दिगांबरभाऊ यांनी नियमच काढला. सगळ्या व्यापाऱ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत, मेलने कळवायचं. वेगळा फोन कोणालाही करायचा नाही. भाऊ स्वतः हा नियम इतका कडक पाळतात की त्या आठवड्यात व्यापाऱ्यांचे फोन ते उचलतसुद्धा नाहीत.

इथली दुसरी एक पद्धत मला आधी माहीत नव्हती. ती माहीत असती तर हा सगळा प्रकार झाला नसता.

आमच्याकडे मेलमधला मजकूर मेलमध्ये लिहीत नाहीत. विषयाच्या ओळीत लिहितात. सगळा. मंडळाचे जुने मेल उघडून पाहिले तेव्हा मी थक्क झाले. विषयात अख्खं पत्र, नमस्कारापासून कळावेपर्यंत, आणि आत उघडून पाहिलं तर एकच शब्द – "वरीलप्रमाणे".

मी हळूच म्हटलं की विषय छोटा असतो, बाकीचं आत लिहितात. भाऊ माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "पोरी, आत कोण जाते? ज्याले वाचायचं तो वरतूनच वाचते."

यात थोडं तांत्रिक सांगावं लागेल, पण थोडंच. मेलच्या माथ्यावर ज्या ओळी असतात – कोणाकडून, कोणाला, विषय – त्यांना हेडर म्हणतात. हे हेडर फार जुन्या काळी ठरलं, तेव्हा फक्त इंग्रजी अक्षरांचा विचार होता. मराठी मजकूर तिथून पाठवायचा तर तो आधी इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांत बदलावा लागतो. मग त्याचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या ओळीवर ठेवायचा, आणि पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करायची, म्हणजे घेणाऱ्या मशीनला कळतं की हा मागच्याच ओळीचा पुढचा भाग आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे अक्षर मधून तोडायचं नाही. क्रेट भरायला संत्रं चिरून ठेवत नाहीत, तसंच.

हे मला माहीत होतं. मी ते करणारही होते. पण सॉफ्टवेअर आधी इंग्रजीत तपासून पाहिलं, आणि इंग्रजीत विषय केवढा असतो? पाच-सहा शब्द. एक ओळ साधारण हजार खुणांपेक्षा लांब गेली तर मेल अडतो, म्हणून मी तात्पुरती एक सोय करून ठेवली – मजकूर त्याहून लांब होत असेल तर तिथेच कापायचा. ओळी पाडायचं काम पुढच्या आठवड्यात. एवढा लांब विषय कोण लिहिणार आहे, असं मला वाटलं. इंग्रजीतल्या एका अक्षराला एक खूण लागते, मराठीत एकेका अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, बदलून झाल्यावर चार लागतात. हा हिशेब मला येत होता, फक्त दिगांबरभाऊ त्यात धरले नव्हते.

आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तोडल्या जाणाऱ्या संत्र्यांचा, लिलाव शनिवारी होता. आदल्या दिवशी दुपारी मी सौंसरला मंडळाच्या ऑफिसात गेले, पहिला खरा मेल माझ्या हातून जावा म्हणून. भाऊ उभे राहून सांगत होते, मी टाइप करत होते, आणि शेजारी संध्याताई गजभिये बसल्या होत्या. संध्याताई मंडळाचा हिशेब आणि बाकीचं जे काही असेल ते सगळं बघतात. भाऊंनी सांगितलेला विषय असा सुरू होत होता –

"॥ जय हनुमान ॥ जय किसान. वरूड, काटोल, नागपूर व इतर सर्व गावांच्या मान्यवर, सन्माननीय, थोर, जुन्या व नव्या व्यापारी बंधूंना आमच्या मंडळाच्या अध्यक्ष व संचालकांकडून मनापासून सप्रेम नमस्कार. आपल्या कृपेने यंदाचा आंबिया बहार चांगला आला असून संत्र्यांचा लिलाव येत्या शनिवारी होईल."

इथपर्यंत भाऊंनी श्वास घेतला नव्हता. मग खरी बातमी आली. मात्र या वेळी जागा बदलली आहे, दरवर्षीप्रमाणे दहा वाजता सौंसरच्या यार्डात नाही, तर सकाळी आठला रामाकोन्याच्या शेडवर यावे. येताना आपापले रिकामे क्रेट आणावे, कारण मंडळाचे क्रेट कमी पडत होते.

"आणि शेवटी लिही," भाऊ म्हणाले, "उशिरा येईन त्याले चहा भेटणार नाही. मंग बोलायचं नाही."

हे वाक्य मी लिहिलं नाही. मला ते बरं दिसेना, थोर आणि सन्माननीय म्हणून झाल्यावर चहाची धमकी. मी बोटं नुसतीच हलवली आणि मान डोलावली. संध्याताईंनी ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

मी "पाठवा" दाबलं. भाऊंच्या फोनवर टिंग वाजलं. वर "जय हनुमान जय किसान" दिसलं, स्वच्छ, काना-मात्रेसह. भाऊ खूश. ऑफिसात पेढा वगैरे नव्हता, संध्याताईंनी डब्यातला चिवडा पुढे केला. मी निखिल सरांना कळवलं की मराठी मेल गेला. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यांच्याकडून ते म्हणजे भाषणच.

पूर्ण विषय शेवटपर्यंत उघडून पाहिला का? नाही पाहिला.

शनिवारी सकाळी मी पांढुर्ण्याहून पहिल्या बसने निघाले. थंडी होती. जामसांवलीच्या हनुमान मंदिरात जाणाऱ्यांची गर्दी होती, बस फाट्यावर बराच वेळ उभी राहिली, लोक उतरत होते. करायला काही नव्हतं म्हणून मी माझ्याकडे आलेली मेलची प्रत उघडली आणि विषय वाचायला लागले. मान्यवर, सन्माननीय, थोर... नमस्कार... कृपेने... "संत्र्यांचा लिलाव येत्या शनिवारी होईल. मा" – आणि त्यापुढे काळ्या डब्यात एक प्रश्नचिन्ह. "मात्र"मधला 'त्र' मधोमध चिरला गेला होता. त्याच्यापुढे काहीही नव्हतं. रामाकोना नाही, आठ वाजता नाही, क्रेट नाहीत. आत उघडलं तर "वरीलप्रमाणे".

रामाकोन्याला शेडमध्ये तोडलेल्या संत्र्यांचे ढीग तयार होते. व्यापारी दहा वाजता सौंसरच्या यार्डात जाणार, तिथे कोणी नाही म्हणून चिडणार, आणि निघून दुसरीकडे माल घेणार. तोडलेलं संत्रं परत झाडाला लावता येत नाही. मंडळ आमचं काम बंद करणार. आणि मी परत नागपुरात, कुठल्यातरी खोलीत चौथी.

सौंसरच्या स्टँडवर संध्याताई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं.

"मतलब पुढचं गेलंच नाही?"

"नाही गेलं."

"पूरा?"

"सगळंच."

त्यांनी स्कूटी सुरू केली. मग म्हणाल्या, "बस मागं. अकरा व्यापारी आहेत, नंबर तुले पाठवून राहिली. एकेकाले फोन लाव."

मी म्हटलं, भाऊंचा नियम आहे, फोन नाही करायचा. त्या म्हणाल्या की नियम माल विकायसाठी असते, सडवायसाठी नाही, भाऊंचं मी पाहीन. मग मी खरं कारण सांगितलं – "ताई, तुम्ही करा ना. मला फोनवर नाही जमत."

"मी गाडी चालवून राहिली न बाई. आणि रडू नको. रडत बोलशीन तर लोक समजतीन मंडळ बुडालं."

तर अशी मी, स्कूटीवर मागे बसून, एका हाताने संध्याताईंचा स्वेटर धरून, आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांना फोन लावत होते. पहिला नंबर वरूडच्या सलीमभाईंचा. मी दोनदा मनात वाक्य म्हणून पाहिलं. त्यांनी उचललं, मागून गाडीचा आवाज येत होता.

मी नाव सांगितलं, मंडळाकडून बोलतेय म्हटलं, आणि माफी मागत सांगायला लागले की कालच्या मेलमध्ये एक अडचण झाली, लिलावाची जागा...

"रामाकोना न?" सलीमभाई म्हणाले. "येऊनच राहिलो मॅडम. सौंसर मागं टाकलं. क्रेट बी टाकले गाडीत."

ते म्हणाले, "हॅलो? आठलाच आहे न?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याताईंना ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, भाऊंनी केला असंन फोन, नियम करणारेच असे असतात. मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं की नियम मोडल्याबद्दल भाऊंना मिठी मारावीशी वाटली.

दुसरा फोन – रामाकोन्याला पोचलो. तिसरा – दहा मिनिटांत येतो, क्रेट किती लागतील? चौथे गृहस्थ जरा वैतागले, "अहो मॅडम, मेल केला न तुम्ही, आता फोन कायले?" पाचव्याने उचललाच नाही. सहाव्यापर्यंत माझा आवाज सरळ यायला लागला होता, हे मात्र खरं. पुढचे फोन मी लावलेच नाहीत, कारण शेड दिसायला लागलं होतं, आणि शेडसमोर गाड्या उभ्या होत्या.

संत्र्यांचे ढीग, त्यांच्यावर दव, आणि मधून व्यापारी फिरत होते, एखादं फळ उचलून अंगठ्याने साल दाबून पाहत. जवळजवळ सगळे आले होते. गाड्यांत रिकामे क्रेट एकावर एक. दिगांबरभाऊ कोसा रेशमाचा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते, नवरदेवाच्या बापासारखे.

संध्याताई थेट त्यांच्याकडे गेल्या आणि हळू आवाजात विचारलं, कोणाकोणाले फोन केला भाऊ? भाऊंचा चेहरा असा झाला की मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. ते म्हणाले, या पोरीनं मेल केला, मी कायले फोन करू? मीच नियम करू अन् मीच तोडू? खिशातून फोन काढून त्यांनी संध्याताईंसमोर धरला, पाहून घे म्हणाले. संध्याताईंनी खरोखर पाहिलं. शुक्रवारपासून त्या फोनवरून एकच फोन गेला होता, फेटा बांधून देणाऱ्याला.

मग मी ते केलं जे मी कधी करत नाही. मी सलीमभाईंजवळ गेले आणि विचारलं की तुम्हाला इथे यायचं कोणी सांगितलं.

"मेलमधे होतं न."

मला दाखवाल का, म्हटलं. त्यांनी हसत फोन काढला, मेल उघडला, बोटाने वर सरकवला आणि वाचायला लागले. मान्यवर, सन्माननीय, थोर... शनिवारी होईल. मा... त्यांचं बोट काळ्या डब्याशी थांबलं. त्यांनी सरकवलं. पुढे काही नव्हतं. त्यांनी मेल बंद केला, परत उघडला.

"काल तर होतं," ते म्हणाले. "मी बायकोले वाचून दाखवलं. ती म्हणाली, क्रेट कायले नेता, मंडळ देते न. मंग मी परत वाचलं."

मी आणखी चौघांना विचारलं. चौघांनी तेच सांगितलं, चौघांनी फोन उघडले, आणि चौघांचं बोट त्याच डब्याशी थांबलं. एकाला वाटलं आपला फोन बिघडला. एकमेकांकडून कळलं का, असंही मी विचारलं. त्यावर ते हसले. लिलावाच्या आदल्या दिवशी व्यापारी एकमेकांना वेळ सांगत नसतात.

इथपर्यंत मी मनात कारणं तयार करत होते. कोणीतरी एकाला सांगितलं असेल, तो नाही म्हणतोय. गावात बातमी पसरली असेल. शेडवर माल येताना कोणी पाहिला असेल. या सगळ्यातून रामाकोना कळू शकतं, आठ वाजताही कळू शकतं. क्रेटचं जरा ओढूनताणून, पण तेही.

मग काटोलचे बन्सीलालजी आले. लिलाव सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. त्यांच्या गाडीचं टायर बसलं होतं, हात काळे झालेले. मंडळाचे सगळ्यात जुने व्यापारी ते, पांढरे केस, बोलणं सावकाश. शेडच्या कोपऱ्यात चहाचं पातेलं होतं, पोरं ग्लास फिरवत होती. बन्सीलालजी त्या बाजूला गेले, पातेल्याकडे पाहिलं, आणि न घेताच मागे वळले. संध्याताई म्हणाल्या, घ्या न काका, चहा.

"कसा घेऊ?" ते म्हणाले. "उशिरा आलेल्याले चहा नाही न. लिहून पाठवता, अन् मंग घ्या म्हणता."

माझ्या हातातला ग्लास मी खाली ठेवला.

ते थोडे दुखावलेलेच होते. भाऊंकडे वळून म्हणाले, "दिगांबर, इतकी वर्षं माल घेऊन राहिलो तुझा. बाकी सगळं ठीक. पण चहाचं मेलवर नव्हतं लिहायचं."

भाऊ आनंदाने माझ्याकडे पाहून म्हणाले, "लिहिलं का तू ते? मले वाटलं नाही लिहिलं. शाब्बास." मग उठून बन्सीलालजींना स्वतः चहा दिला, त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं, आणि सगळ्यांना हसून सांगायला लागले की मेल असा पाहिजे, वाचणाऱ्याले लागला पाहिजे.

मी संध्याताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी ते वाक्य टाइप केलं नव्हतं, हे या जगात आम्हा दोघींनाच माहीत होतं. कापलेला मजकूर निदान माझ्या कॉम्प्युटरवर तरी होता. चहा तिथेही नव्हता. चहा फक्त भाऊंनी हवेत म्हटला होता.

"तू नव्हतं न लिहिलं?" संध्याताईंनी नंतर विचारलं.

"नव्हतं."

"मीबी पाहिलं होतं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "जाऊ दे. माल विकला न."

माल विकला. चांगल्या भावाने विकला. भाऊंनी तिथूनच निखिल सरांना फोन करून सांगितलं की तुमच्या पोरीच्या मेलनं अकराच्या अकरा आणले. सोमवारी सरांनी मला कायम केल्याचं कळवलं, पांढुर्ण्यातूनच. मला ते असं घ्यायला बरं वाटेना, म्हणून मी सगळं खरं सांगितलं. सर्व्हरवरची मूळ प्रत पाठवली – तिच्यात "मा"नंतर अर्धं अक्षर आणि पुढे शून्य. सरांनी ती स्वतः उलगडून पाहिली. मग त्यांनी फोन केला. ते म्हणाले, "बग फिक्स कर. आणि त्या चहाबद्दल क्लायंटला काही बोलू नकोस. ते फीचर म्हणून मागतील."

मी ते काम त्याच आठवड्यात केलं. आता मजकूर कापला जात नाही. अक्षर पूर्ण राहील असे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा आपल्या ओळीवर, पुढची ओळ एक जागा सोडून. मला माहीत असलेल्या प्रत्येक मेलच्या अॅपमध्ये उघडून पाहिलं, या वेळी मराठीत, आणि शेवटच्या टिंबापर्यंत. फक्त भाऊंना ते पसंत नव्हतं. "चालून राहिलं होतं न? मंग हात कायले लावला?" असं ते म्हणाले.

मृग बहाराचा, म्हणजे संत्र्यांच्या दुसऱ्या हंगामाचा, लिलाव उन्हाळ्याच्या तोंडावर आला. या वेळी जागा परत बदलली होती, रामाकोना नाही, सौंसरचं यार्ड नाही, तर पांढुर्ण्याच्या रस्त्यावरचं एक गोदाम. विषय मागच्यापेक्षा लांब, कारण भाऊंनी त्यात होळीच्या शुभेच्छाही घातल्या. मेल पूर्ण गेला. मी अकराही पत्त्यांवर तो व्यवस्थित पोचल्याची खात्री केली. एकही डबा नाही, एकही प्रश्नचिन्ह नाही. सगळ्या नियमांप्रमाणे इतकं शुद्ध हेडर मी तोवर बनवलं नव्हतं.

लिलावाच्या सकाळी गोदामात तिघे होते. बाकीचे आठ जण रामाकोन्याला.

मी बाहेर ओट्यावर बसून फोन लावायला सुरुवात केली. पहिला सलीमभाईंनाच, आता त्यांच्याशी बोलायला मला वाक्य मनात म्हणून पाहावं लागत नाही. मी जरा चिडलेच होते. म्हटलं, सलीमभाई, लिलाव इकडे गोदामात आहे, या वेळी मेल अगदी नीट होता, सगळं स्पष्ट लिहिलं होतं.

"हाव न, एकदम साफ होता," ते म्हणाले. "म्हणूनच नाही वाचला. वर नमस्कार दिसला, समजलो, मागच्यासारखाच असंन. मागच्या वेळी तो काळा डबा होता न, म्हणून थांबून पाहिलं."

एवढं मला पटलं. पटण्यासारखंच आहे. पण मग मी विचारलं, "आणि थांबून पाहिलं तेव्हा त्या डब्याच्या पुढे काय होतं?"

तिकडे त्यांनी गाडी सुरू केल्याचा आवाज आला.

"पाहा," ते म्हणाले. "लिहिलं तुम्ही, अन् मलेच विचारून राहिल्या."

याला माझ्याकडे काही स्पष्टीकरण नाही. निखिल सरांकडेही नाही, मी मधूनमधून विचारते. तुमच्यापैकी कोणी मेलचं काम करत असेल आणि काही सुचलं तर खाली लिहा, मी वाचेन, आणि जमलं तर या वेळी उत्तरही देईन. त्या सकाळी मात्र विचार करायला वेळ नव्हता. आत संत्री होती आणि सात जण अजून रामाकोन्याला उभे होते. मी पुढचा नंबर लावला.